राक्षस कोणी रंगवला?

ज्याचे घरदार हिरावले गेले, त्याने हिरावून घेणाऱ्याचे चित्र कसे काढावे? हा प्रश्न वरवर कलेचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. खादिम अली या हजारा चित्रकाराच्या कलाकृतींमुळे तो आमच्यापुढे उभा राहिला.

हजारा हा अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातील, बहुतांशी शिया पंथीय समाज. १८९०च्या दशकात अमीर अब्दुर रहमान खानाच्या फौजांनी त्याचा निर्दय संहार केला. कित्येकांना गुलाम म्हणून विकण्यात आले. अनेकांनी क्वेट्टा व इराणची वाट धरली. खादिम अली यांचा जन्म १९७८ साली क्वेट्टा येथे अशाच विस्थापित कुटुंबात झाला. लाहोरला ते लघुचित्रकला शिकले आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले.

लहानपणी आजोबांच्या तोंडून त्यांनी फिर्दौसीच्या शाहनाम्यातील कथा ऐकल्या. त्या कथांचा नायक रुस्तम, राक्षसांचा कर्दनकाळ. मार्च २००१ मध्ये तालिबानने हजारांच्या बामियान खोऱ्यातील ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. कड्यात उरले ते रिकामे कोनाडे.

एवढे सोसलेल्या माणसाने आपल्या लोकांना रुस्तम आणि वैऱ्याला राक्षस म्हणून रंगवले असते, तर त्याला कोण दोष देणार? खादिम अलींनी तसे केले नाही. त्यांच्या चित्रांत नायकालाच शिंगे फुटतात, आणि राक्षसाच्या मुद्रेवर क्रौर्याऐवजी थकवा दिसतो.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. माणसाला हाकलून देण्यापूर्वी त्याला राक्षस ठरवावे लागते, कारण राक्षसाची कीव कोणी करीत नाही. त्या शिंगांमधून चित्रकार लोकांनी लादलेली ओळखच आपल्यापुढे ठेवतो. त्याचबरोबर, सूडाने पेटलेल्या नायकालाही शिंगे फुटू शकतात, हेही तो विसरू देत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग जुलूम करणारा आणि सोसणारा एकाच मापाने मोजायचा काय? मुळीच नाही. अपराध हा अपराधच, आणि बामियानचे ते कोनाडे त्याची साक्ष देत उभे आहेत. मात्र अपराध्याचे माणूसपण नाकारण्याचा हक्क अन्याय सोसल्याने मिळत नाही. त्याच शाहनाम्यात रुस्तम एका तरुणाला रणात ठार करतो आणि मग त्याच्या दंडावरील खूण पाहतो. तो त्याचाच पुत्र, सोहराब असतो. ओळख पटली, पण फार उशिरा.

निर्वासिताची कला आपल्याकडे केवळ दया मागत नाही. वेळेवर ओळख पटावी, एवढेच ती मागते. परका माणूस दाराशी आला, की आपण त्याचे नाव विचारतो, की त्याला नावे ठेवतो? या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या उंबरठ्यावर द्यावयाचे आहे.