उत्तर श्रोत्याचे: गाडगेबाबांची कीर्तनरीत

भागवतातल्या नवविधा भक्तीत पहिली जागा श्रवणाची आणि दुसरी कीर्तनाची आहे. पूजा, वंदन, दास्य हे सगळे त्यानंतर येते. ऐकण्या-सांगण्याला इतके वरचे स्थान का, हा भक्तिविचारातला जुना प्रश्न आहे. एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, एवढ्याने माणूस माणसाच्या तरी जवळ येतो का, मग देवाच्या कुठला? वऱ्हाडात गाडगेबाबांनी या प्रश्नाला पोथी न उघडता हात घातला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतीत बालपण सरले. शाळा नाहीच. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी भाऊबंदांना गोडाचे जेवण वाढले. १९०५ मध्ये घर सोडले, तेव्हा अंगावर चिंध्या होत्या आणि हाती गाडगे. त्याच गाडग्यावरून लोकांनी त्यांना नाव दिले.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी बांधणी असते. वारकरी कीर्तन एका अभंगाभोवती फिरते. गाडगेबाबांच्या कीर्तनाचा कणा होता प्रश्न. देवकीनंदन गोपालाचा गजर झाला की बाबा वऱ्हाडी बोलीत समोरच्या मायबापांना विचारू लागत आणि गर्दी एका आवाजात होय-नाही म्हणे. सत्यनारायणाची गोष्ट घ्या. साधुवाण्याची बुडालेली नाव प्रसादाने वर आली, हे घरोघर ठाऊक. बाबा ती गोष्ट खोटी ठरवत बसत नसत. लढाईत मोठमोठी जहाजे समुद्रात बुडाली, मग पूजा घालून ती वर काढता येतील का, एवढेच विचारत. लोक हसत, नाही म्हणत. नवसाच्या बोकडाचे, सावकाराच्या कर्जाचे, विटाळाचेही असेच. एकेक पायरी श्रोता स्वतःच्या पायाने चढे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले, तो संवाद कसा? हजारोंच्या गर्दीत नाही म्हणायला कोण धजणार? बाबांचे प्रश्न एका दिशेने नेणारे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण उत्तर देताना श्रोत्याला शास्त्राचा आधार लागत नव्हता. स्वतःचे शेत, स्वतःचे कर्ज, स्वतःचे लेकरू आठवले की पुरे होई. सॉक्रेटिस एकेकाला गाठून विचारी आणि त्याचे अज्ञान चारचौघांत उघडे पाडी. बाबा अख्ख्या गावाला एकदम विचारत. त्यामुळे कुणा एकाची मान खाली जात नसे, आणि शेजाऱ्याने दिलेले उत्तर शेजाऱ्याने कानांनी ऐकलेले असे. दुसऱ्या दिवशी बोकड कापताना त्याच शेजाऱ्याशी नजरानजर होणार होती. उपदेश विसरता येतो. आपल्याच तोंडचे ‘नाही’ विसरणे जड जाते.

शब्दांना वजन मात्र शब्दांआधीच आलेले असे. गावात शिरले की बाबा खराटा घेऊन रस्ते आणि गटारे झाडत. रात्री कीर्तनाला बसणाऱ्याने सकाळी आपलेच दार साफ करताना त्यांना पाहिलेले असे. कीर्तन संपले की लोकांनी पाया पडायच्या आत ते निसटून जात. त्यांनी कुणाला शिष्य केले नाही. पाया पडला की माणूस खालचा-वरचा होतो, आणि खालच्या-वरच्यांत मोकळे बोलणे उरत नाही. पाया पडू न देणे हा निव्वळ विनय नव्हता, त्यांच्या भक्तीचे ते तत्त्व होते. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मुलांना शाळा, हीच त्यांची देवपूजा. जेवायचे ताट विकून हातावर भाकरी खा, पण पोराला शिकवा, असे ते सांगत. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. स्वतःसाठी घर बांधले नाही.

अमरावती जिल्ह्यातल्याच यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत लोकांत गेले आणि मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला. तिथे माणसे एकत्र गाऊन जोडली गेली, गाडगेबाबांकडे एकत्र उत्तर देऊन.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले बाबांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. बरोबर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचा अंत झाला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.