हातचा

शाळेत बेरीज शिकवताना आमच्या बाई फळ्यावरच्या आकड्यांच्या डोक्यावर एक बारीकसा आकडा लिहायच्या. ‘आठ नि सात पंधरा. पाच खाली, हातचा एक.’ तो हातचा शेजारच्या घरात मिळवायला जो विसरे, त्याचं गणित चुके. पाढे पाठ, अक्षर मोत्यासारखं, तरी उत्तर चूक. पुढे एका छोट्याशा खेळयंत्राची खरीखुरी हकिगत वाचली आणि बाईंचा तो बारीक आकडा पुन्हा डोळ्यांसमोर आला.

पूर्वी कोरियात ‘जीपी२एक्स’ नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र निघत असे. ते लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या संगणकप्रणालीवर चालायचं, त्यामुळे घरी बसून हौसेनं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं ते फार लाडकं. पण लाडक्या वस्तूतल्या उणिवाही ठाऊक असतात. त्याला कीबोर्ड हवा होता, पडदा मोठा हवा होता, बॅटरी जास्त टिकायला हवी होती. शेवटी इंग्लंड, जर्मनी अशा वेगवेगळ्या देशांतल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं, की आता वाट कुणाची बघायची? आपणच बनवू. जगभरच्या त्यांच्यासारख्याच वेड्यांनी सूचना केल्या, वाद घातले, एकेका बटणाच्या जागेवरून दिवसच्या दिवस काथ्याकूट केला. नाव ठरलं ‘पँडोरा’.

कागदावर ते देखणंच होतं. डबीसारखं उघडणारं, ४.३ इंची स्पर्शपडदा, छोट्या कळांचा पुरता कीबोर्ड, दोन अंगठ्यांसाठी दोन बारीक सरकत्या चकत्या, मेमरी कार्डांसाठी दोन खाचा आणि एकदा चार्ज केलं की दहा तास चालेल अशी बॅटरी. किंमत सुमारे ३३० डॉलर. २००८ साली पहिल्या ४,००० यंत्रांसाठी आगाऊ पैसे घ्यायला सुरुवात झाली आणि लोकांनी ते आनंदानं भरले. मग बँकेनं कार्डावरून आलेल्या रकमा अडवल्या. वस्तू हातात नाही आणि पैसे आधी, हे तिच्या नियमात बसेना. कार्डानं भरलेले पैसे परत गेले. इथंच गोष्ट संपायची. पण परत आलेले पैसे अनेकांनी पुन्हा, थेट खात्यावर भरले. अनोळखी माणसांवर एवढा भरवसा ठेवणारं गिऱ्हाईक भाग्यानंच मिळतं. आणि तो भरवसा हेच खरं भांडवल होतं, कारण मागं ना मोठी कंपनी होती, ना धनको.

यंत्र कधी मिळेल, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे: दोन महिन्यांत.

हे उत्तर देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. आराखडा तयार होता, नमुन्याचं यंत्र चालत होतं. पण एक यंत्र चालणं आणि चार हजार यंत्रं चालणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरी दहा पुरणपोळ्या सुरेख होतात, म्हणून लग्नाची पंगत उठवता येतेच असं नाही.

बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचंच बघा. ते चीनमध्ये साच्यात ओतायचं होतं. साचा पोलादाचा. वितळलेलं प्लॅस्टिक त्यात दाबून भरतात आणि निवताना ते आकसतं. जाड जागी जास्त, पातळ जागी कमी. त्यामुळे कुठं खळगी पडते, कुठं बिजागरीची भोकं समोरासमोर येत नाहीत. साचा सुधारायचा तर पोलाद कोरून काढणं त्यातल्या त्यात सोपं, पण कोरलेल्या जागी पोलाद परत भरणं कर्मकठीण. म्हणून प्रत्येक दुरुस्तीला थोडंसंच कोरायचं, नमुना काढायचा, तो विमानानं मागवायचा, बघायचा, पुन्हा कळवायचं. एकेका फेरीत आठवडे जातात. कीबोर्डच्या कळांची तीच कथा, त्या सरकत्या चकत्यांची तीच. पडद्याकडे जाणारी कागदासारखी पातळ तारपट्टी बिजागरीतून वळवून न्यायची होती. जोडताना तिला एक चुणी पडली की पडदा गेला. शिवाय मुख्य सर्किट बोर्ड. तो अमेरिकेत बनत होता आणि तयार झालेल्यांतले पुष्कळ चाचणीत नापास होत होते.

आता बाईंचं गणित इथं मांडून बघा. समजा यंत्राचे दहा भाग आहेत आणि प्रत्येक भाग ठरल्या वेळी, ठरल्या दर्जाचा येण्याची शक्यता शंभरात ९५. ऐकायला किती छान! पण दहाही भाग एकाच वेळी तसे येण्याची शक्यता उरते शंभरात जेमतेम ६०. भाग वीस केले तर ३६. नऊ भाग टेबलावर येऊन पडले आणि दहावा नसला, तर हातात शून्य यंत्रं असतात आणि नऊ भागांचे पैसे मात्र खर्च झालेले असतात. ‘दोन महिने’ म्हणणाऱ्यांनी प्रत्येक भागाचा वेळ बरोबर धरला होता. एका भागाचा उशीर दुसऱ्याच्या घरात जातो, तो हातचा तेवढा धरला नव्हता.

दोन महिने गेले. पुन्हा दोन महिने. वाट पाहणाऱ्यांत ‘दोन महिने’ हा शब्दच थट्टेचा झाला. शब्द थट्टेवारी गेला की देणाऱ्याची पत गेलीच. शेवटी २१ मे २०१० रोजी पहिली यंत्रं गिऱ्हाइकांकडे रवाना झाली. ज्यांच्या हातात पडली ते हरखून गेले. यंत्र सांगितलं होतं तसंच होतं. पण रांग मोठी होती आणि जुळणी हाताची. यंत्र उघडायचं, पडदा उजळतो का बघायचं, एकेक कळ दाबायची, चकती सरकवून सोडली की ती मधोमध परत येते का ते तपासायचं. नाही आली, तर खोलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आज दहा गेली, उद्या चार, परवा सुटे भागच नाहीत. इकडं नापास बोर्डांत पैसा अडकलेला आणि आगाऊ घेतलेली रक्कम सरत आलेली. २००८ साली दिलेल्या पैशांत २०११ सालची यंत्रं बनेनात.

इथवरची गोष्ट उत्साही माणसांच्या फसलेल्या हिशेबाची आहे. तशा पुष्कळ असतात. मला ही सांगावीशी वाटते ती पुढच्या भागासाठी.

या मंडळींतला एक, मायकेल म्रोझेक, जर्मनीतला. पैसे ज्या कंपनीनं घेतले होते ती इंग्लंडमधली. पुढे उत्पादन जर्मनीत हलवलं गेलं आणि तिथं त्याची कंपनी वेगळी होती. कागदोपत्री बघितलं तर जुन्या गिऱ्हाइकांचं देणं दुसऱ्या वहीतलं होतं. ‘ते तुम्ही तिकडं विचारा’ असं म्हणून नव्या पानावर नवा धंदा मांडता आला असता. त्यानं तसं केलं नाही. नव्या कारखान्यातून बोर्ड चांगले निघू लागले, पुढे १ गिगाहर्ट्झचं वेगवान यंत्रही आलं. या नव्या यंत्रांच्या विक्रीतून जो पैसा सुटे, त्यातून जुन्या गिऱ्हाइकांची राहिलेली यंत्रं तो बनवून देऊ लागला. पाच खाली मांडले आणि हातचा एक विसरला नाही. शेजारच्या घरात नेऊन मिळवला.

सगळ्यांचं देणं फिटलं का? नाही. काहींच्या हाती ते यंत्र कधीच पडलं नाही, आणि त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही. पण ज्यांना मिळालं, त्यांना माणूस कळला. म्हणून २०१६ साली त्यानं ‘पायरा’ नावाच्या पुढच्या यंत्राची नोंदणी सुरू केली, तेव्हा दुधानं तोंड पोळलेले कितीतरी जण पुन्हा पुढं आले. या वेळी त्यानं पूर्ण किंमत घेतली नाही, काही भागच आगाऊ घेतला. उशीर पायरालाही झाला, काही वर्षांचा झाला. साचे आकसायचे थांबत नाहीत, सुटे भाग अडायचे राहत नाहीत. पण अडचण कुठं आहे, हे तो लोकांना सांगत राहिला.

आपणही रोज कुणाला ना कुणाला तारीख देतो. शिंपी देतो, सुतार देतो, मुलाला ‘रविवारी नक्की’ म्हणणारा बाप देतो. ती देताना मनातली आशा आपण हिशेब म्हणून सांगतो, आणि ऐकणारा त्यावर आपला हिशेब बांधतो. कुणी त्यासाठी सुट्टी राखून ठेवतो, कुणी पैसे.

बोध एवढाच, की दुसऱ्याच्या भरवशावर काम हाती घेतलं तर तारखेत हातचा धरावा. आणि तरीही गणित चुकलंच, तर पाटी पुसून नवं गणित मांडू नये. चुकलेल्या बेरजेतलं देणं उचलून पुढच्या घरात घ्यावं. आमच्या बाई तो आकडा बारीक लिहायच्या, पण लिहायच्या सगळ्या आकड्यांच्या वर.