न वाचता केलेली सही

बस समोर. मोबाइल खिशात ठेव आणि मालवणच्या शनिवारचं पान काढ. पहिल्या रेडिओ संपर्काची वेळ काय लिहिली आहेस? संध्याकाळी साडेसात. आणि फाइलमध्ये १९३०. लॉग यूटीसीत ठेवायचा, हे तुला किती वेळा सांगितलं? तिथे १४०० हवं होतं. लॉगबुक ऑफ द वर्ल्डला, म्हणजे संपर्क पडताळणाऱ्या सर्व्हरला, तू स्वतःच्या सहीनिशी कळवलंस, की रात्री एक वाजता मी २० मीटरवर बोलत होतो. त्या वेळी तू झोपला होतास.

तिथे दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळाव्या लागतात: कॉलसाइन, बँड, मोड आणि वेळ. वेळेत ३० मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. तुझा साडेपाच तासांचा आहे. दोन दिवसांत १४३ संपर्क केलेस आणि त्यातला एकही जुळणार नाही.

पुढे बघ. बसला होतास मालवणला, एमके६६ या ग्रिडच्या चौकोनात. सही करणाऱ्या टीक्यूएसएल प्रोग्रामला ठिकाण कोणतं दिलंस? 'घर'. घर पुण्यात, म्हणजे एमके६८. कमांडमध्ये डॅश एल पुढचं ठिकाणाचं नाव तू जुन्या स्क्रिप्टमधून जसंच्या तसं उचललंस. देश तोच, झोन तेच, म्हणून तुला काही बिघडलंसं वाटलं नाही. पण ग्रिड गोळा करणाऱ्या माणसाला तू खोटा चौकोन दिलास. मालवणसाठी नवं ठिकाण तयार करायला दोन मिनिटं लागली असती.

कमांड लाइनला मी नावं ठेवत नाही. मीही तीच वापरतो. डॅश एक्स दिलं की खिडकी उघडत नाही, प्रश्न येत नाहीत. सही होते, डॅश यू असेल तर फाइल थेट वर जाते. नेमकं म्हणूनच आधी डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. खिडकीत निदान एकदा थांबून विचारलं जातं, इथे तू लिहिलेलं निमूट पाळलं जातं. डॅश ए पुढे तू 'ऑल' लिहिलंस. म्हणजे आधी पाठवलेले संपर्कसुद्धा पुन्हा सही करून पाठव. रोज रात्री वर्षभराचा अख्खा लॉग परत! जगभरातले हॅम त्याच सर्व्हरच्या रांगेत उभे असतात आणि तू तिथे तीच पोती पुन्हा पुन्हा टाकतोस. 'कंप्लायंट' लिही. जुने आपोआप गाळले जातील. आणि प्रोग्राम संपताना जो आकडा देतो, तो तपासायला शीक. शून्य म्हणजे सगळं झालं. ८ म्हणजे काहीच पाठवायला उरलं नाही, ९ म्हणजे काही गेलं आणि काही गाळलं, ११ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही. तुझी स्क्रिप्ट काहीही झालं तरी 'झालं' एवढंच छापते. नेट बंद असलं तरी 'झालं'!

आता ज्याचा मला खरा राग आला ते सांगतो. खासगी किल्लीचा पासवर्ड डॅश पी पुढे उघडा लिहिलास, शेजारी पी१२ फाइल ठेवलीस आणि ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर मित्राला दिलंस. ती किल्ली प्रमाणपत्र देणाऱ्या एआरआरएलकडेही नसते, फक्त तुझ्याकडे असते. परवाना आणि ओळखपत्र दाखवून मिळवलेल्या प्रमाणपत्राची ती किल्ली. उद्या त्या मित्राच्या संगणकावर बसलेला कोणीही तुझ्या कॉलसाइननं सही करेल आणि ती खरी मानली जाईल. तुझ्या वडिलांनी कोऱ्या चेकवर सही करून दिली असती का कुणाला?

आम्ही तर संपर्क झाल्याची कार्डं पाठवायचो. ब्यूरोमार्गे गेलेल्या कार्डाचं उत्तर यायला वर्ष, कधी दोन वर्षं लागायची, तरी प्रत्येक कार्डावरची वेळ दोनदा पडताळून मगच सही करायचो. तिकडे कुणाचे ९९ देश झालेले असतील. शंभरावा तू असशील. शंभर देशांच्या डीएक्ससीसी पुरस्कारासाठी रोज उठून तो बघत असेल, व्हीयूचं, म्हणजे भारताचं, उत्तर आलं का.

तेव्हा आधी प्रमाणपत्र रद्द करून नवं माग, नव्या किल्लीसकट. मग वही घेऊन बस आणि १४३ च्या १४३ वेळा हातानं यूटीसीत उतरव. चुकीच्या नोंदी तिथून पुसता येत नाहीत, बरोबर नोंदी नव्यानंच पाठवाव्या लागतात. मालवणचं ठिकाण तयार कर. फाइल झाली की सही करू नकोस, आधी मला आणून दाखव. उद्या संध्याकाळी सहाला. १२३० यूटीसी.