गाता न येणाऱ्यांचा माइक

आपल्याकडे गाण्याच्या बाबतीत माणसांचे दोनच वर्ग मानले जातात : गाता येणारे आणि न येणारे. पहिल्यांना पाहुण्यांसमोर गायला बसवतात. दुसऱ्यांना शाळेच्या समूहगीतात मागच्या रांगेत उभं करून ‘तू नुसते ओठ हलव’ असं हळूच सांगितलं जातं. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सा रे ग म प’चं लिटल चॅम्प्स पर्व गाजलं आणि ही वाटणी आणखी पक्की झाली. कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित ही मुलं गुणीच होती. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. तेव्हापासून घरोघरचा सोफा परीक्षकांची खुर्ची होऊन बसला. दहा वर्षांचं पोर गुणगुणलं तरी ‘हरकत छान घेतलीस’ किंवा ‘अंतऱ्यात जरा घसरलास’ असा शेरा तयार!

अशा घरात वाढलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात कराओकेचा माइक येतो, तेव्हा तो कोणतं गाणं निवडतो? बहुधा अरिजित सिंगचं. दिवसभर कानात तेच वाजत असतं, शब्द पाठ असतात, त्यामुळे गाणंही आपल्याला येतं असं त्याला वाटतं. पण ऐकायला आवडणं आणि गाता येणं यांत बरंच अंतर आहे. सिनेमाचं गाणं एका तयार गळ्यासाठी बांधलेलं असतं आणि स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी, पुन्हा पुन्हा घेऊन ध्वनिमुद्रित होतं. मुखडा बोलल्यासारखा सहज, अंतरा मात्र सरळ तार सप्तकाकडे, ही कितीतरी गाण्यांची चाल. मुखड्यावर टाळ्या घेतलेलं पोर अंतऱ्यात एकटं पडतं, आणि समोर मोबाइल धरलेले काका-काकू असतात.

त्यात हे वय आवाज फुटण्याचं. मुलांची स्वरयंत्रं झपाट्याने वाढतात, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. हा बदल एका रात्रीत होत नाही. मधल्या काळात काही स्वर लागतच नाहीत, काही मध्येच फाटतात. काल निघालेला स्वर आज निघेल याची खात्री नसते. मुलींचा आवाजही बदलतो, थोडा उतरतो, काही काळ त्यात हवा मिसळते; पण तो बदल कोणी हसण्यावारी नेत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही येत नाही. या वयाच्या मुलामुलींना मूळ पट्टीतला ट्रॅक लावून ‘गा’ म्हणणं निव्वळ अडाणीपणा आहे.

आमच्या सोसायटीत गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. नववीतला एक मुलगा अशाच एका गाण्याच्या मागे लागला होता. अंतरा आला की त्याची हनुवटी वर जायची, मग टाचा उचलल्या जायच्या, मग डोळे मिटायचे. कोणीतरी ॲपमध्ये ट्रॅकची पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली. मग आणखी अर्ध्याने. चौथ्यांदा वजाचं बटण दाबल्यावर अंतऱ्यात हनुवटी जागेवर राहिली, पण आता मुखडा इतका खाली गेला की नुसती घरघर ऐकू येत होती. म्हणजे घोटाळा पट्टीचा नव्हताच. गाण्याचा पल्लाच त्याच्या आजच्या गळ्यापेक्षा मोठा होता. शेवटी त्याने दोन मित्रांना बरोबर घेऊन ‘गली बॉय’मधलं ‘अपना टाईम आयेगा’ म्हटलं. ते पडद्यावर रणवीर सिंगने स्वतः गायलं आहे, आणि तो काही गायक नाही. त्यात सूर जेमतेम, जोर सगळा शब्दांवर आणि लयीवर. श्वास पुरवणं हेच काय ते अवघड; पण तिघं असल्यामुळे एकाचा श्वास संपला की दुसरा पुढची ओळ उचलत होता.

सोपं गाणं निवडणं म्हणजे पातळी खाली आणणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कराओकेचा जन्म आठवावा. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊ नावाचे वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करत. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि इनोऊंचीच साथ हवी होती. यांना जाता येईना, म्हणून यांनी त्याच्या गाण्यांची साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये टेप, माइक आणि नाणं टाकायची पेटी असं यंत्र उभं राहिलं. म्हणजे हा प्रकार मुळातच बेताचं गाणाऱ्याच्या सोयीसाठी निघाला. इनोऊंनी पेटंट घेतलं नाही, त्यामुळे पैसा दुसऱ्यांनी कमावला. २००४ मध्ये त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं. कारण काय, तर माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवणारा नवा मार्ग त्यांनी दिला! गमतीचं पारितोषिक असलं तरी निकाल बरोबर आहे.

गाता न येणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेली गाणीही असतात. क्वीन या इंग्लिश बँडची मैफल संपली, वादक मंचावरून गेले, तरी श्रोते गातच राहिले. ते पाहून गिटारवादक ब्रायन मे यांना सुचलेलं ‘वी विल रॉक यू’ १९७७ साली आलं : दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची, आणि गिटार शेवटाला. त्याला ट्रॅकसुद्धा लागत नाही, वर्गातला बाक पुरतो. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’चंही तसंच. ते धड सुरात गायलेलं मी क्वचितच ऐकलंय, पण ते फसलेलंही कधी पाहिलं नाही, कारण दुसऱ्या ओळीला सगळं सभागृहच गायला लागतं. आणि हे आपल्याला नवीन नाही. भोंडल्याची गाणी मोजक्या स्वरांत फिरतात आणि फेर धरणारी प्रत्येक मुलगी ती म्हणते. आरतीत तर प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. तिथे कोणी कोणाला ओठ हलवायला सांगत नाही.

निवड मुलांचीच असावी, हेही सांगायला हवं. मोठ्यांच्या कराओके ग्रुपांनी शनिवार-रविवारच्या संध्याकाळी किशोर, रफी आणि मुकेश वाटून घेतले आहेत, ते त्यांना लखलाभ. जयवंत कुलकर्णींनी गायलेलं ‘ही चाल तुरुतुरु’ तेरा वर्षांच्या पोरांनी गावं असं मला फार वाटतं. आजवर एकाही पोराला ते पटलेलं नाही. नको तर नको. शब्द अगदीच आचरट असतील तर घरातल्यांनी सांगावं, एरवी गप्प बसावं. मोठ्यांनी हात घालायचा तो व्यवस्थेत : तालमीत पट्टी लावून बघावी, गाणं एक मुखडा आणि एका अंतऱ्यावर कापावं. लांबलचक संगीताच्या तुकड्यात पडद्याकडे बघत उभं राहणं या वयात फार जड जातं, तो तुकडाही काढून टाकावा. आणि माइक दोन ठेवावेत. एकट्याने गायला तयार नसलेली मुलगी मैत्रिणीबरोबर येते, आणि पुढच्या खेपेला कदाचित एकटीही येईल. नाही आली तरी काही बिघडत नाही.

ज्यांचा गळा खरोखर तयार आहे, त्यांना शाळा, क्लास, वाहिन्या, सगळ्यांची दारं उघडी आहेत. उरलेल्यांना हा एकच माइक आहे. म्हणून मंडळांना आणि सोसायट्यांना एवढंच सांगणं : यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलांच्या नावापुढे ‘कराओके स्पर्धा’ छापू नका. नुसतं ‘कराओके’ छापा, परीक्षक बोलावू नका, आणि बक्षिसांचे पैसे दुसऱ्या माइकला घाला.