‘नाही’ आणि ‘सापडत नाही’

‘नाही’ आणि ‘सापडत नाही’ हे दोन शब्दप्रयोग घरात आपण खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो. करंज्यांचे सारण परतून होते, फडताळात वेलदोड्याची डबी दिसत नाही, की ‘वेलदोडे संपले’ असे सांगून आपण मोकळे होतो. मग घरातली जुनी बाई उठते, डाळीच्या डब्यामागे हात घालते आणि तीच डबी काढून दाखवते. चार माणसे हसतात, प्रकरण तेथे संपते. परंतु हाच घोटाळा न्यायाच्या दारात झाला, तर त्यावर हसता येत नाही. तेथे ‘नाही’ या दोन अक्षरांनी एखाद्याचे शेत जाते, एखाद्याची अब्रू जाते.

पूर्वी हे ‘नाही’ म्हणणारा मनुष्य डोळ्यांना दिसत असे. रुमालात बांधलेली दप्तरे, त्यांवर साचलेली धूळ आणि किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा कारकून असा तो संसार होता. तो लबाड असला तर निदान त्याचे नाव घेऊन शिव्या देता येत. आता दप्तर सर्व्हर नावाच्या यंत्रात जाऊन बसले आहे. आमच्या आष्टीत अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही हा शब्द ठाऊक आहे. मात्र तो ‘डाऊन’ या शब्दाला जोडूनच. सातबारा काढायला गेलेली माणसे ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द ऐकून अशी परत फिरतात, जणू मृगाचा पाऊसच हुकला! दैवाला जाब विचारण्याची सोय नसते, तशी याचीही नाही असे त्यांनी धरून चाललेले असते. मला हे धरून चालणे पसंत नाही. यंत्र सांभाळणारा शेवटी कोणीतरी मनुष्यच असतो.

असा एक मनुष्य माझ्या परिचयाचा आहे. तो माझा जुना विद्यार्थी. हल्ली पुण्यात असतो. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचे दावे चालतात, तेव्हा दाव्याशी संबंध असलेले आपल्याजवळचे कागद प्रतिपक्षाला दाखवावे लागतात. २००६ साली तेथल्या संघीय दिवाणी नियमांत संगणकावरच्या मजकुराचा स्पष्ट उल्लेख आला. एकेका दाव्यात लाखो ई-मेल आणि पत्रे निघतात. ती सारी एका सॉफ्टवेअरमध्ये भरतात (शिकागोच्या कंपनीचे ‘रिलेटिव्हिटी’ हे त्यांतले एक), आणि वकील मंडळी एकेक कागद वाचून त्यावर खूण करतात: हा संबंधित, हा असंबंधित, हा अशील आणि वकील यांच्यातला, म्हणून गुप्त. हा मुलगा कागद वाचत नाही. कागद ज्या यंत्रांत राहतात, ती चालती ठेवणे एवढेच त्याचे काम. एका सर्व्हरवर नोंदी, दुसरीकडे मूळ फायली, तिसरा शोधसूची तयार करतो, आणखी काही रात्रभर नेमून दिलेली कामे उपसत असतात.

ही शोधसूची नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तिच्यात आहे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दांची सूची असते, तशीच ही. वकील एखादा शब्द शोधतो, तेव्हा यंत्र लाखो कागद त्या क्षणी वाचत बसत नाही. ते आधी करून ठेवलेली सूची पाहते. आता एखाद्या फायलीला कुलूप होते, एखादे छायाचित्र पुसट होते, किंवा मध्यरात्री यंत्रातली जागा संपली आणि काम अर्ध्यावर थांबले, तर तो कागद कोठारात असतो पण सूचीत नसतो. वकील विचारतो, यंत्र उत्तर देते: शून्य.

“सर, या शून्याचे अर्थ दोन असतात,” तो मला म्हणाला, “पण पडद्यावर दोन्ही शून्ये सारखीच दिसतात.”

त्याच्या कामात आणखी एक पेच आहे. सर्व कोठारांच्या किल्ल्या त्याच्याजवळ असतात. ज्यांचे एकमेकांशी वैर आहे त्यांचेही कागद शेजारीशेजारी ठेवलेले असू शकतात. तो वाटेल ते उघडू शकतो, आणि त्याने काहीही उघडून वाचायचे नाही हा त्याचा धर्म. पोस्टमनचाही हाच धर्म. पण पोस्टमनच्या हातात बंद पाकीट असते, याच्या हातात पाकीट, डिंक आणि कात्री असे सगळेच आहे. जे वाचायचे नाही ते जिवापाड जपायचे, हे कसे साधावे?

निष्काम कर्माचा उपदेश आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडतो. त्यामुळे असा मनुष्य तटस्थ असावा, एवढे कोणीही चटकन सांगेल. मला वाटते, येथे दोन निराळ्या उदासीनता आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. कोण जिंकतो आणि कोण हरतो याविषयी दप्तर सांभाळणाऱ्याने उदासीन असलेच पाहिजे. तो पक्षपाती झाला की दप्तर बुडालेच. परंतु पान आत आले की बाहेर राहिले याविषयीही तो उदासीन झाला, तर त्या तटस्थपणाला काय किंमत? ‘माझा काय संबंध?’ हे वाक्य पहिल्या उदासीनतेत सद्गुण म्हणून जन्माला येते आणि कधी दुसरीत जाऊन बसते, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

दूरची गोष्ट हवी तर इंग्लंडची घ्या. तेथल्या पोस्टखात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या यंत्रणेवर विसंबून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपडाकपाल दोषी ठरले. यंत्र म्हणाले तिजोरीत पैसे कमी आहेत, म्हणून ते कमी! अखेर २०२४ साली तेथल्या संसदेला कायदा करून शेकडो जणांची दोषसिद्धी रद्द करावी लागली.

जवळची गोष्ट जालन्याची आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्याच कचेरीतले कॅमेऱ्याचे चित्रण. अशा पुराव्याला ते यंत्र ज्याच्या ताब्यात असते त्याचा दाखला लागतो. दाखला वारंवार मागूनही मिळाला नाही. २०१७ साली उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, आणि सांगितले की दाखला आवश्यकच आहे, पण शक्य ते सर्व करूनही ज्याला तो दिला गेला नाही, त्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखालच्या दाखल्यात यंत्राचा ताबा असणाऱ्याने आणि तज्ज्ञाने सही करायची असते, आणि संगणकीय प्रतीचा ‘हॅश’, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, नोंदवायचा असतो. यंत्र नीट चालत होते, हे कोणीतरी आपल्या नावाने सांगायचे आहे. मला हे फार आवडले.

आणि अगदी उंबरठ्यावरची गोष्ट कुणबी नोंदींची. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातले जुने दप्तर तपासायला घेतले. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. कागद मोडीत आणि उर्दूत. सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सांगितले गेले. पुढे राज्यभर शोध झाला आणि आकडा लाखांत गेला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरायचे नाही. मी एवढेच पाहतो की, मोडी न येणाऱ्या माणसासमोर, किंवा मोडी न येणाऱ्या यंत्रासमोर, नोंदीने भरलेले पानदेखील कोरेच असते. त्याला विचारा, ते प्रामाणिकपणे शून्य सांगेल.

शाळांतली जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरेही या शोधात उघडली गेली. आम्हां मास्तरांना ती रजिस्टरे चांगली ठाऊक आहेत. शाई उडालेली, कडा कुरतडलेल्या, एखाद्या वर्षाची दोन पाने वाळवीने नेलेली. अशा वर्षासाठी ‘नोंद आढळली नाही’ असे लिहिले, तर ते खरे आहे का? शब्दशः खरे आहे. पण त्याखाली ‘अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतची पाने उपलब्ध नाहीत’ ही ओळ नसली, तर वाचणाऱ्याच्या मनात जे उमटेल ते खरे नव्हे. ती ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते. मात्र ती लिहिली की पुढे चार प्रश्न येतात, म्हणून ती बहुधा लिहिली जात नाही.

माझा विद्यार्थी ती ओळ लिहितो. सूचीत न आलेल्या फायलींची यादी, प्रत्येकीपुढे कारण देऊन, तो रोज पाठवतो. अमेरिकेतल्या न्यायालयांना लक्ष्मीपूजनाची सुटी नसते. गेल्या दिवाळीतही तो रात्री कामावर होता. मुदत सकाळी संपत होती. “ही यादी वाचतो कोण? जाऊ दे एक दिवस,” असे वरिष्ठ म्हणाले. त्याने ती पाठवली आणि पहाटे खोलीवर येऊन झोपला. ती कोणी उघडून पाहिली का, हे त्याला अजून कळलेले नाही.