तेजोमेघाचें छायाचित्र खरें कीं खोटें?

हिवाळ्याच्या अंधाऱ्या रात्रीं मृग नक्षत्रांतील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक पुसट ठिपका दिसतो. तो सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर असलेला, वायु व धूळ ह्यांचा तेजोमेघ होय. लहान दुर्बिणींतून तो राखाडी धुक्यासारखा दिसतो. छायाचित्रांत मात्र तोच विशाल व तांबडा दिसतो. तेव्हां खरें कोणतें मानावें, डोळा कीं छायाचित्र?

प्रथम छायाचित्र कसें निघतें तें पाहूं. डोळा प्रकाश क्षणभरच धरून ठेवितो. छायाचित्राची कांच तो सांठवीत जाते. अमेरिकेंतील डॉ. हेन्री ड्रेपर ह्या हौशी ज्योतिषानें ३० सप्टेंबर १८८० रोजीं ह्या मेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें, त्यास ५१ मिनिटें लागलीं. पृथ्वी फिरते, म्हणून तितका वेळ दुर्बीणहि यंत्रानें आकाशाबरोबर फिरवावी लागली. पुढें १८८३ त इंग्लंडांत ईलिंग येथें अँड्र्यू कॉमन ह्या हौशी इंजिनियरानें घेतलेल्या छायाचित्रांत डोळ्यांस न दिसणारे तारेहि उमटले. हल्लीं हौशी लोक डिजिटल कॅमेऱ्यानें अनेक छायाचित्रें घेऊन संगणकानें तीं एकत्र करितात. तांबडा रंग मुख्यत्वें हायड्रोजन वायूचा आहे; अंधुक उजेडांत आपल्या डोळ्यांस रंग ओळखतां येत नाहींत, इतकेंच.

तर मग अधिक वेळ पाहून अधिक सांगणें हें असत्य नव्हे. परंतु कित्येक छायाचित्रांत निरनिराळे वायु ओळखूं यावे म्हणून हायड्रोजनास हिरवा व गंधकास तांबडा रंग देतात. ह्यांतहि दोष नाहीं; मात्र तसें केलें हें लपवून, "आकाशांत असेंच दिसतें," असें म्हणणें हा दोष आहे. आणि जो नसलेला तारा रंगवितो, तो तर उघड खोटी साक्ष देतो.

वाचकहो, गांवच्या पंचांपुढेंहि हाच नियम लागू आहे. साक्षीदारानें काय पाहिलें तेवढेंच नव्हे, तर कोठून, किती वेळ व कोणत्या उजेडांत पाहिलें हेंहि सांगावें. तसेंच, "मला दिसलें नाहीं," एवढें म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. "म्हणून तें नाहींच," असें म्हणणारा आपल्या साक्षीची मर्यादा ओलांडितो. अशा एका शब्दानें शेजाऱ्याची अब्रू जाते. म्हणून बोलण्यापूर्वीं आपण किती वेळ पाहिलें, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.