विसावा किती दूर?

सुटी लागली की मुलांना कोठे न्यावे, ही चिंता तरुण आईबापांना पडते. पुष्कळदा मुलांच्या आनंदाहून चारचौघांत सांगण्याची हौसच मोठी असते. तिच्यापायी कर्जही काढले जाते.

हरियाणातील पंचकुला शहरावरून उन्हाळ्यात सिमल्याला जाणाऱ्यांची रीघ लागते. वाटेतच पिंजोर येथे फिदाई खानाने सतराव्या शतकात उभारलेली, सात टप्प्यांनी उतरणारी बाग आहे. नोकरीनिमित्त पंचकुल्यात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने घरचा डबा घेऊन तेथल्या कारंज्यांजवळ संध्याकाळ घालवली, तर मुलांचे काय उणे होईल? त्यांना हवा असतो घाईत नसलेला बाप आणि कामातून मोकळी झालेली आई. कोणी म्हणेल, परवडत नाही म्हणून हे शहाणपण. असेलही, परंतु ‘यंदा परवडत नाही’ हे मुलांना खरेपणाने सांगण्यात लाज कसली?

प्रभूने थकलेल्या शिष्यांना विसाव्यासाठी एकांती नेले. ते स्थळ इतके जवळ होते की, लोक पायी धावत त्यांच्याआधी तेथे पोहोचले. तरी प्रभूला त्यांचा कळवळाच आला. म्हणून सुटी संपताना आपण किती दूर गेलो, हे मोजू नये. आपल्या माणसांच्या किती जवळ आलो, हे स्वतःस विचारावे.